वकिलांच्या घरचे जुने खंड रद्दीत घालू नका : विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

धंतोली, रामदासपेठ, सिव्हिल लाइन्स भागातल्या काही घरांत बाहेरच्या खोलीत अजूनही छताला टेकणारी काचेची कपाटे दिसतात. आजोबा वकील, वडील वकील, मुले मात्र पुण्या-बंगळुरूला सॉफ्टवेअरमध्ये. घर बिल्डरकडे गेले की सागवानी कपाटांना गिऱ्हाईक मिळते आणि आतले कोर्टाच्या निकालांचे खंड किलोच्या भावाने जातात. आम्ही नागपुरातल्या एका विधी महाविद्यालयाच्या ग्रंथालयासाठी काम करणारे माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक आहोत. रद्दीवाल्याला बोलवण्याआधी आम्हाला सांगा, ही आमची पहिली विनंती.

"आता सगळे नेटवर असते, मग हे ओझे कशाला?" असे आम्हाला नेहमी विचारतात. सर्वोच्च न्यायालयापुरते ते बरेचसे खरे आहे. ई-एससीआर या सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर २०२३पासून निकाल फुकट वाचता येतात, काहींचे मराठी भाषांतरही मिळते. विदर्भाच्या कायद्याची गोष्ट मात्र वेगळी आहे. नागपूरला १९३६ ते १९५६ स्वतःचे हायकोर्ट होते. १ नोव्हेंबर १९५६ला राज्य पुनर्रचना झाली आणि इथे मुंबई हायकोर्टाचे खंडपीठ आले. त्याआधी नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती, त्यामुळे इथल्या जमिनीचे कित्येक कायदे तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या विधानसभेने केलेले आहेत.

याचा त्रास कुठे होतो ते सांगतो. आमची मुले विधी सहाय्य शिबिरांना भंडारा, गोंदियाकडे जातात. तिथे प्रश्न येतो मामा तलावाचा, म्हणजे माजी मालगुजारी तलावाचा (मालगुजार म्हणजे गावचा सारा गोळा करणारा जमीनमालक). पाणी कोणाचे, मासे कोण धरणार, बोडीची, म्हणजे लहान तळ्याची, जागा कोणी अडवली? मालगुजारी संपवणारा कायदा १९५०चा, मध्य प्रदेशचा, आणि मालगुजारांचे हक्क सरकारकडे गेले ३१ मार्च १९५१ला. संगणकावर 'महाराष्ट्र' निवडून शोधणारा मुलगा तिथेच चुकतो. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधले निस्तार पत्रक (गावच्या मोकळ्या जमिनीच्या वापराची योजना, कलम १६१) आणि वाजिब-उल-अर्ज (पाणी, वाट, मासेमारी यांच्या गावच्या रूढींची नोंद, कलम १६५) वाचावे लागते, आणि त्यामागचा अर्थ कळायला जुन्या नागपूर हायकोर्टाचे निकाल लागतात. ते सापडतात आय.एल.आर. (इंडियन लॉ रिपोर्ट्स) या निकालसंग्रहाच्या नागपूर मालिकेत आणि नागपूर लॉ जर्नलमध्ये. कुळकायद्याचेही तसेच. विदर्भासाठी १९५८चा वेगळा कायदा आहे, हे पश्चिम महाराष्ट्रात छापलेल्या पुस्तकांत जेमतेम एका ओळीत उरकलेले असते.

आमच्याकडे या मालिका आहेत, पण तुटक. मधली वर्षे गायब आहेत. उरलेल्यांचे पुठ्ठे मे महिन्याच्या उन्हाने तडकलेत आणि पावसाळ्यात कसर लागते. देशभरच्या कोर्टांत ज्याचा हवाला दिला जातो ते ए.आय.आर. (ऑल इंडिया रिपोर्टर) आपल्या नागपुरातून निघते, आणि त्याचेच सलग खंड नागपूरच्या मुलांना मिळू नयेत, हे आम्हाला तरी खटकते.

दुसरी मागणी वेळेची आहे, आणि खरे सांगायचे तर पैशांपेक्षा ती आम्हाला जास्त महत्त्वाची वाटते. निकाल शोधायला मुलांना कोणी शिकवतच नाही. 'इंडियन कानून' या संकेतस्थळावर शब्द टाकायचा, पहिला निकाल उचलायचा आणि हेडनोट (निकालावरचा सारांश) मूटमध्ये, म्हणजे सरावाच्या खटल्यात, वाचून दाखवायची, एवढेच त्यांना येते. आणीबाणीत अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागता येत नाही असे सांगणारे जबलपूर प्रकरण (ए.आय.आर. १९७६ एस.सी. १२०७) २०१७मध्ये गोपनीयतेच्या हक्कावरच्या पुट्टस्वामी निकालात रद्दबातल ठरले, हे न पाहता ते आधार म्हणून देणारे निघतात. त्यात १ जुलै २०२४पासून नवे फौजदारी कायदे आले. आता '४८२' या आकड्याचेच बघा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते हायकोर्टाच्या अंगभूत अधिकारांचे कलम होते. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन, जो पूर्वी ४३८ होता, आणि अंगभूत अधिकार गेले ५२८ला. नुसता आकडा टाकून शोधले की दोन्हींची खिचडी समोर येते. त्या तारखेआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंड संहिताच लागू असल्याने दोन्ही पुस्तके अजून बरीच वर्षे टेबलावर ठेवावी लागणार.

आता तर एआयला विचारून निकाल आणतात. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली असे अस्तित्वातच नसलेले निकाल कोर्टात दिल्याबद्दल वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला. आपल्या मुलांनी सायटेशन (निकालाचा संदर्भ) मिळाले की मूळ पान उघडावे, ही सवय लावायला अनुभवी माणूस शेजारी बसावा लागतो. खंडपीठात प्रॅक्टिस करणाऱ्या वकिलांनी, निवृत्त न्यायिक अधिकाऱ्यांनी शनिवारी दुपारी दोन तास द्यावेत. भाषण नको. स्वतःचे एखादे जुने ब्रीफ (खटल्याचे कागद) आणा, नावे झाका आणि त्यातला मुद्दा तुम्ही कसा शोधला ते मुलांना करून दाखवा. मराठीतून सांगितले तर उत्तमच, कारण गडचिरोली, यवतमाळकडून आलेली मुले इंग्रजीत शंका विचारायला बिचकतात.

पैसे तीन कामांना लागतील : एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रसारख्या निकाल शोधण्याच्या सेवेची वार्षिक वर्गणी, जुन्या खंडांची बांधणी आणि एक बरा स्कॅनर. रक्कम कितीही चालेल. ती महाविद्यालयाच्या कार्यालयात ग्रंथालय निधीच्या नावे भरावी आणि पावती घेतल्याशिवाय जाऊ नये. समितीतल्या कोणाच्याही हातात रोख देऊ नका, आमच्याही.

काय नको तेही सांगतो. गाईड, झेरॉक्स नोट्स आणि दंड संहितेवरच्या जुन्या टीका आमच्याकडे भरपूर आहेत. नागपूर लॉ जर्नल, आय.एल.आर. नागपूर, महाराष्ट्र लॉ जर्नल, मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कायद्यांची पुस्तके, जुनी राजपत्रे यांतला सुटा खंडसुद्धा हवा आहे. समासात आजोबांनी पेन्सिलीने काही लिहिले असेल तर ते खोडू नका.

खंड फार असतील तर ग्रंथालयात निरोप ठेवा, मुले गाडी घेऊन घरी येतील. स्वतः आणणार असाल तर सुतळीने करकचून बांधू नका, पुठ्ठे कापले जातात. खोक्यात उभे लावा आणि वर वर्षे लिहून ठेवा.