16 आट्यांच्या स्पिंडलला 12 आट्यांचे नट: तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, सुटे भाग विक्री विभाग

विषय: ट्रेलर अॅक्सलच्या स्पिंडल नटांचे दोन चुकीचे संच आणि तुमच्या तांत्रिक मदत कक्षाचा सल्ला

तुमच्या मदत कक्षाचा फोन आत्ताच ठेवला. स्पिंडल नट म्हणजे अॅक्सलच्या टोकावर (स्पिंडलवर) चाकाचं हब आणि बेअरिंग जागेवर धरणारा नट, हे तुम्हाला सांगायला लागू नये, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

मागणीत चार गोष्टी लिहून दिल्या होत्या. आट्यांवरून वर्निअरने मोजलेला बाहेरचा व्यास, इंचाला 16 आटे, स्पिंडलच्या टोकाला लांब खाच (सपाट कड नव्हे), आणि हब साधे, प्रीसेट (बेअरिंगची ढील आधीच ठरवून दिलेले) नाही. यातली एक जरी चुकली तरी नट बसत नाही. किंवा त्याहून वाईट, बसल्यासारखा वाटतो.

पहिल्या खेपेला 12 आट्यांचे आठ नट आले. तुमच्या यादीत फक्त व्यास छापलाय, त्याचाच हा प्रताप. 12 आट्यांची पिच (दोन आट्यांमधलं अंतर) 2.12 मिमी, 16 ची 1.59. असा नट हाताने एखाद-दीड फेरा आत जातो आणि अडकतो. तिथून पुढे पान्याने जोर लावला की स्पिंडलचे आटे सोलले जातात. नट फेकून देता येतो, स्पिंडल नाही.

दुसऱ्या खेपेला आटे बरोबर, पण कीपर (नट फिरू नये म्हणून त्याला स्पिंडलशी जखडणारी कडी) सपाट कडेच्या स्पिंडलचा. खाचेत शिरायची जीभच त्याला नाही. एकसंध नटाची, म्हणजे वर दुसरा नट नसलेल्याची, सगळी भिस्त कीपरवर असते. तो धरला नाही तर नट सैल व्हायला मोकळा. मग एंड प्ले (हबची आतबाहेर ढील) वाढतो, हब डुगडुगतो, सील गळतं, तेल ब्रेक लायनिंगवर उतरतं आणि शेवटी चाक हबसकट बाहेर येतं.

आता आजचा फोन. मी खाचेचं सांगितलं. पलीकडून उत्तर: "साहेब, नट नटच असतो. इंपॅक्ट गन लावा, बसेल." मी विचारलं, किती टॉर्कला, म्हणजे किती जोराने? "फुल टाइट." मग एंड प्ले किती राहील? थोडी शांतता. मग, "चाक हलत नसलं म्हणजे झालं." कीपर खाचेत बसत नाही हे तिसऱ्यांदा सांगितल्यावर दोन पर्याय मिळाले: जुना कीपर वाकवून वापरा, नाहीतर कीपर काढून टाका आणि वरून दुसरा नट मारा. आणि शेवटी, माझीच काळजी वाटून असेल कदाचित, "तुमचा स्पिंडलच डुप्लिकेट नाही ना?"

नट नटच असतो! हे वाक्य तुमच्या डब्यावर छापा, निदान गिऱ्हाईक आधीच सावध होईल.

इंपॅक्ट गन ठोके देत आवळते, तिने टॉर्क मोजता येत नाही. शिवाय चाक फिरवत फिरवत नट आवळला नाही तर बेअरिंगचे रोलर सरळ बसत नाहीत, आणि आज बरोबर वाटलेलं माप रोलर जागेवर आले की सैल पडतं. अमेरिकन ट्रकिंग असोसिएशन्सच्या टीएमसीची (तंत्रज्ञान व देखभाल परिषदेची) आरपी 618 ही बेअरिंग जुळवणीची शिफारस तुमच्याकडे असेलच: चाक फिरवत 200 फूट-पाउंड, एक पूर्ण फेरा मागे, पुन्हा फिरवत 50 फूट-पाउंड, मग ठरलेला अंश मागे, लॉक, आणि डायल गेजवर एंड प्ले 0.001 ते 0.005 इंच. म्हणजे 0.025 ते 0.127 मिमी. 12 आट्यांच्या नटाचा फेऱ्याचा बारावा भाग फिरवला तरी 0.18 मिमी सरकतो. ही सगळी मुभा संपून वर उरतं! आणि तुमचा माणूस म्हणतो, चाक हलत नसलं म्हणजे झालं.

वरून दुसरा नट मारायचा सल्लाही तसलाच. जॅम नट (वरचा दुसरा नट) आवळला की आट्यांमधली ढील निघते आणि आतला नट बेअरिंगकडे सरकतो. म्हणून दुहेरी नटांत एंड प्ले जॅम नट आवळल्यानंतरच मोजतात, आणि मधे लॉक वॉशर लागतोच. एकसंध नट जाड असल्याने त्यावर दुसरा घ्यायला पुरेसे आटे उरतच नाहीत, हा भाग वेगळा.

डब्यातल्या कागदाबद्दलही बोललंच पाहिजे. त्यावर एकच ओळ: "आवळून पाव फेरा मागे घ्या." कोणत्या अॅक्सलला? स्टीअरिंग अॅक्सलचा कॉटर पिनवाला (आरपार खिळ घालून अडकवायचा) एकेरी नट 12 आट्यांचा असेल तर षष्ठांश फेरा, 18 चा असेल तर पाव. प्रीसेट हबला, बेअरिंगांमधे स्पेसर असतो म्हणून, 300 फूट-पाउंड लावून अजिबात मागे घ्यायचं नसतं; कीपर जुळला नाही तर नट पुढे न्यायचा. तिथे तुमची ही ओळ पाळली तर हब पहिल्याच दिवसापासून सैल.

पुन्हा लिहितो, कारण दोनदा सांगून उपयोग झालेला नाही: 16 आटे, खाचेचा कीपर, साधं हब. सात दिवसांत आठ नट त्यांच्या कीपरसह पाठवा, किंवा दोन्ही खेपांचे पैसे परत करा. यादीत व्यासाशेजारी आट्यांची संख्या आणि कीपरचा प्रकार छापा. नाहीतर हे पत्र, दोन्ही डब्यांचे फोटो आणि आजच्या फोनचं रेकॉर्डिंग ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईल. इतकी वर्षं तुमचेच सील घेत आलो, सील चांगले आहेत, म्हणून हे आधी तुम्हाला लिहिलं.

दोन्ही संच न वापरता तसेच ठेवले आहेत. न्यायला माणूस पाठवा. इंपॅक्ट गनवाला नको.