तिसऱ्या लेकराची शिक्षा आईला नको : ग्रामविकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. ग्रामविकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : ग्रामपंचायत अधिनियमातील दोन अपत्यांची अट रद्द करण्याबाबत

माननीय मंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

११ जुलैला, जागतिक लोकसंख्या दिनाच्या दिवशी, आमच्या तालुक्याच्या गावी शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. मला परीक्षक म्हणून बोलावलं होतं. विषय नेहमीचाच, ‘लोकसंख्येचा भस्मासुर’. सहावीतली एक मुलगी उभी राहिली आणि घडाघडा बोलली. पृथ्वीला भार झाला, पाणी संपलं, कामं संपली, कारण माणसं जास्त झाली. भाषण तिचं पाठ होतं. मी तिला जन्मापासून ओळखते, तिच्या आईचं बाळंतपण मीच केलंय. घरातली ती तिसरी मुलगी. जास्त झालेल्या माणसांत आपणही आलो, हे त्या पोरीच्या ध्यानीमनी नव्हतं. तेव्हापासून हे पत्र डोक्यात घोळतंय.

मी बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर बत्तीस वर्षं नर्स होते. लोक मला सिस्टर म्हणत. लसीकरण, बाळंतपणं, आणि वर्षभर मानेवर बसलेलं कुटुंब नियोजनाचं उद्दिष्ट. आमच्या भाषेत शस्त्रक्रियेला तयार झालेल्या बाईला ‘केस’ म्हणतात. मार्च जवळ आला की आढावा बैठकीत एकच प्रश्न : सिस्टर, केसेस किती झाल्या? १९९६ मध्ये केंद्र सरकारने उद्दिष्टं काढून टाकली, असं कागदावर आहे. बैठकीतला प्रश्न काही गेला नाही. तेव्हा कुटुंब लहान असावं याला माझा विरोध आहे असं कृपा करून समजू नका. त्यासाठी मी उन्हातान्हात वस्त्या-तांडे पालथे घातले आहेत, सासवांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. पाचव्या बाळंतपणात अंगावरून जाऊन दगावलेली बाई मी बैलगाडीत पाहिली आहे. दोन लेकरांत अंतर ठेवण्याचं मोल मला कुणी शिकवायला नको.

पण माणसं खरंच जास्त झाली का, या प्रश्नाचं उत्तर आज आपण पन्नास वर्षांपूर्वीचंच देतो आहोत. १५ नोव्हेंबर २०२२ ला जगाची लोकसंख्या ८०० कोटी झाली. एप्रिल २०२३ मध्ये भारताने चीनला मागे टाकलं. हे आकडे भाषणात येतात. त्याच संयुक्त राष्ट्रांनी २०२४ मध्ये मांडलेला अंदाज मात्र भाषणात येत नाही : २०८० च्या दशकात जग हजार कोटींच्या थोडं पुढे जाईल आणि तिथून उतरणीला लागेल. आपल्याकडे तर जन्मदराचा उतार केव्हाच सुरू झाला. पिढीच्या जागी पिढी उभी राहायची तर बाईमागे सरासरी २.१ मुलं लागतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचा आकडा २.० आला आणि महाराष्ट्राचा १.७. डोकी अजून काही वर्षं वाढतील, कारण मागच्या मोठ्या पिढ्यांतली पोरं आता आईबाप होत आहेत. घराघरांतला पाळणा मात्र हलायचा कमी झालाय.

हे आकडे नसते तरी मला कळलं असतं. माझ्या उपकेंद्राच्या एका गावात पूर्वी लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीच्या ओट्यावर बायका मावत नसत. शेवटच्या वर्षी मी लसीचा डबा उघडून बसायची आणि चार लेकरं यायची. तिथल्या जिल्हा परिषद शाळेचा पट आज अकरा आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा राज्यात हजारोंनी आहेत आणि २०२३ मध्ये सरकारनेच अशा जवळजवळच्या शाळा एकत्र करण्यासाठी समूह शाळांची योजना काढली. काही पोरं इंग्रजी शाळेच्या गाडीत बसून जातात, काही आईबापांबरोबर उसाला जातात, हे खरं. पण काही जन्मलीच नाहीत, हेही खरं.

मग पाणी का पुरत नाही, असं विचाराल. आमच्या भागात जानेवारीनंतर टँकर लागतो. राज्यातल्या लागवडीच्या जमिनीतला अगदी थोडा वाटा उसाचा आहे, जेमतेम चार-पाच टक्के, आणि सिंचनाच्या पाण्यातला मोठा वाटा तोच पितो. ज्या बाईला तीन मुलं झाली म्हणून आपण नावं ठेवतो, ती दोन घागरींत दिवस काढते. जगाच्या पातळीवरही तेच. अमेरिकेतला एक माणूस सरासरीने भारतातल्या सहा-सात माणसांइतका कार्बन हवेत सोडतो. भार मोजायचाच तर आधी कोण किती वापरतं ते मोजा, डोकी नंतर.

आता मूळ मुद्द्यावर येते. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मधल्या अटीनुसार १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालेल्या व्यक्तीला सदस्य किंवा सरपंच राहता येत नाही. पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेलाही हीच अट आहे. आमदार-खासदारांना नाही. गावच्या पाणीपुरवठ्याचा ठराव मांडायला दोनच लेकरं हवीत आणि राज्याचा कायदा करायला कितीही चालतात, याचं कारण मला आजवर कुणी सांगितलं नाही. आपल्याकडे असेल तर जरूर कळवा.

या अटीचा अनुभव मला एका सरपंचबाईमुळे आला. ती महिला राखीव जागेवर निवडून आली तेव्हा तिला दोन मुली होत्या. सही करायला ती निवडणुकीनंतर शिकली, पण वर्षभरात तिने अंगणवाडीच्या खोलीचं अडलेलं काम पुरं करून घेतलं. उपकेंद्राला नळजोड नव्हता, तो तिच्याच काळात झाला. मग तिला दिवस गेले. घरात मुलगा हवा होता. मी तिच्या नवऱ्याशी बोलले, सासऱ्याशी बोलले. तांबी बसवायला ती आधी एकदा माझ्याकडे आली होती, तर सासू अर्ध्या वाटेतून तिला माघारी घेऊन गेली. सहाव्या महिन्यात ती तपासणीला आली, टेबलावर पडल्या पडल्या छताकडे बघत म्हणाली, “सिस्टर, पद जाईन माझं. पण मी नको म्हणून कुणाला सांगू?”

मुलगा झाला. बाळंतपण माझ्याकडेच झालं आणि नोंद मी केली : आईचं नाव, तिसरी खेप, वजन २ किलो ८०० ग्रॅम. पुढे विरोधी गटाने माहितीच्या अधिकारात जे कागद काढले त्यात माझ्या अक्षरातली ती ओळ होती. तक्रार झाली, सुनावणी झाली, तिचं पद गेलं. नवऱ्याचं काही गेलं नाही, कारण त्याच्याकडे पदच नव्हतं. पुढच्या निवडणुकीत त्या घराने धाकट्या जावेला उभं केलं. मुलगा हवा म्हणणारे सगळे जागच्या जागी राहिले आणि घरात जिला एक शब्द बोलायची सोय नव्हती, तिला गावानेही उठवलं. मी खोटी नोंद करणार नव्हते, आजही करणार नाही. पण ती ओळ माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

त्यानंतर लोक शहाणे झाले. ज्यांना निवडणूक लढवायची असते त्या घरची तिसरी बाळंतीण परजिल्ह्यात माहेरी जाते, आणि लेकरू जावेच्या किंवा नणंदेच्या नावावर लावतात. लसीकरणाच्या कार्डावर आई एक, मांडीवर घेऊन आलेली बाई दुसरी. एकदा गोवराच्या डोसाला असंच एक पोर आलं. कार्डावरच्या आईला मी विचारलं, याला आधीच्या डोसाला ताप आला होता का? ती गप्प. तिला माहीतच नव्हतं. दाराशी उभी असलेली खरी आई हळूच म्हणाली, “आला होता, दोन दिवस.” १ मे २०२४ पासून जन्मलेल्या लेकरांच्या नावापुढे आईचं नाव लावायचा चांगला निर्णय आपल्या शासनाने घेतला. त्याच शासनाची दुसरी अट एखाद्या लेकराच्या कागदावरून त्याची आई पुसायला भाग पाडते. आणि दत्तक देऊनही सुटका नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशाच्या एका प्रकरणात तिसरं अपत्य दत्तक दिलं तरी अपात्रता टळत नाही असं ठरवलं.

दोनची मर्यादा आणि मुलग्याचा हट्ट एका घरात राहायला लागले की चेपते ती दुसरी मुलगी. २००१ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८९४ मुली होत्या, २०११ मध्ये ८०७ उरल्या. हे सगळं या अटीने झालं असं मी म्हणत नाही. सोनोग्राफीचा काळा धंदा होता, हुंडा होता, उसाच्या फडावर वयात आलेल्या मुलीची धास्ती होती. पण पहिली मुलगी असलेली बाई दुसऱ्यांदा गरोदर राहिली की ‘आता दोनच’ हे शब्द घरात कसे फिरतात, ते मी माजघरात बसून ऐकलेलं आहे.

कुटुंब नियोजनाचा भार कुणी उचलला तेही सांगते. आमच्याकडे शस्त्रक्रियेचे कॅम्प हिवाळ्यात होत. आरोग्य केंद्राच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकून बायका ओळीने निजवलेल्या, गुंगीत एखादीचा हात शेजारच्या तान्ह्याला चाचपत असायचा. नवरे बाहेर लिंबाखाली. त्यातल्या एकाला मी विचारलं, तुम्हीच का करून घेत नाही? बिनटाक्याची आहे, दहा-पंधरा मिनिटांचं काम. तो म्हणाला, “मला उसाला जायचंय, कोयता कोण धरणार?” त्याची बायकोही उसालाच जाणार होती. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं काम तिचंच होतं. राज्यात जवळपास निम्म्या विवाहित बायकांची शस्त्रक्रिया झालेली आहे. पुरुष नसबंदीचं प्रमाण शंभरात एकही नाही.

या महाराष्ट्रात संततिनियमन धाकाने सुरू झालं नव्हतं. र. धों. कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत केंद्र उघडलं ते बाईला सतत लादल्या जाणाऱ्या बाळंतपणातून सोडवायला. १९३८ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला तोही बाईचं आरोग्य आणि गरिबाचा संसार डोळ्यांपुढे ठेवून. तो फेटाळला गेला. आणि १९७६ मध्ये याच राज्याच्या विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते बारगळलं. आणीबाणीनंतर कितीतरी वर्षं ‘नसबंदी’ म्हटलं की पुरुष पळत, तेही त्या सक्तीमुळेच. मी नोकरीला लागले तेव्हा म्हातारे मला पाहून वाट बदलायचे. धाकाने एका वर्षात मिळवलेल्या केसेस पुढच्या पिढीतले पुरुष कायमचे गमवायला लावतात, हा आमचा अनुभव आहे. महाराष्ट्राचा आकडा १.७ वर आला तो मुली शाळेत टिकल्या, लेकरं जगायला लागली आणि तांबी-गोळ्या दारापर्यंत पोहोचल्या म्हणून. सरपंचपद जाईल या भीतीने सबंध राज्याचा जन्मदर उतरत नसतो. निवडणूक लढवणारी माणसं ती किती!

हरियाणाची अशीच अट सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये वैध ठरवली. तरीही पुढे हरियाणाने ती स्वतःहून काढली. मध्य प्रदेश, छत्तीसगड, हिमाचल प्रदेशानेही काढली. आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये काढली. तिथे आता वेगळीच काळजी आहे, म्हातारी माणसं वाढताहेत आणि जन्म घटताहेत म्हणून राज्यकर्ते लोकांना जास्त मुलं होऊ द्या म्हणू लागले आहेत. तेही मला पटत नाही. बाईच्या पोटाचा आकडा सरकारने ठरवायचा, काल दोन आणि उद्या तीन, ही रीतच बंद व्हावी.

माझी मागणी एकच आहे. येत्या अधिवेशनात ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद-पंचायत समिती या दोन्ही अधिनियमांतली ही अट रद्द करणारं विधेयक आणावं, आणि सहकारी मंत्र्यांशी बोलून नगरपालिकांच्या कायद्यांतूनही ती काढावी. तोवर निदान एवढं करा : तिसऱ्या अपत्यामुळे आजवर किती पदं गेली, त्यांत बायका किती आणि पुरुष किती, हे जिल्हावार मागवून सभागृहात ठेवा. निम्म्या जागा महिलांना आहेत, म्हणून हा आकडा सगळ्यांनी पाहायला हवा.

ती सरपंचबाई अजून गावात आहे. मुलगा नववीत गेला. परवा एसटी स्टँडवर भेटली, हातात महिला बचत गटाचं पासबुक होतं. म्हणाली, “सिस्टर, आता उभं राहता येतं का बघा ना कुठं विचारून.” मी तिला तेव्हा हो किंवा नाही काहीच म्हणू शकले नाही. आपल्याकडून काही कळलं तर तिला सांगायला जाईन.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका,
बीड जिल्हा