घंगाळातला गाळ

वडोदरा, 3 सप्टेंबर 2024

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस शि. सा. नमस्कार.

घर ठीक आहे, आधी हे सांगते. पाणी पूर्ण ओसरलं, वीज काल संध्याकाळी आली. सोफा आणि दिवाण टाकून द्यावे लागतील. फ्रिज आठवडाभर वाळू द्या, मग लावून बघू, असं मिस्त्री म्हणाला. तांदळाची कोठी गेली. आई, देव तू जाताना वरच्या खोलीत नेऊन ठेवलेस ते फार बरं झालं. लोणच्याच्या बरण्याही वरच होत्या, त्यामुळे वाचल्या. बाबा, तुमच्या पावसाच्या वह्या माळ्यावर होत्या. एकीलाही थेंब लागलेला नाही. मागच्या गल्लीत मगर आली होती, ती वनखात्याची माणसं घेऊन गेली.

बैठकीच्या भिंतीवर 2019 च्या पुराची पुसट रेष होती ना, कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यापाशी? यंदाची तिच्याही वर आहे.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, ‘विश्वामित्रीला पूर काय आज येतोय? हवामान तर पहिल्यापासूनच बदलत आलंय. त्या अंटार्क्टिकाच्या चिखलात तुम्हाला वेगळं काय सापडतं?’ दादाच्या घरी रेंज नीट येत नाही आणि मला रागही आला होता, म्हणून विषय तिथेच सोडला. पण तुमचा प्रश्न खरा आहे. रोज सकाळी साडेआठला गच्चीवर जाऊन पर्जन्यमापक वाचणाऱ्या माणसाला त्याचं नीट उत्तर मिळायला हवं.

मागच्या अंगणात आपलं तांब्याचं घंगाळ राहिलं होतं. पूर त्यात भरला आणि उतरला तरी पाणी तसंच राहिलं. काल ते वरचं पाणी वाटीने हलकेच काढलं आणि तळाचा गाळ सुरीने उभा कापला. अगदी खाली रेती, बोटाला खरखरीत लागणारी. तिच्यावर मऊ पोयटा. सगळ्यात वर तुळतुळीत चिकणमातीचा पातळ पापुद्रा. जड कण आधी बसले, हलके सावकाश, पाणी स्थिर झाल्यावर. आमचं काम सुरू होतं ते इथूनच.

ध्रुवाकडच्या तळ्यांत हेच दरवर्षी घडतं. उन्हाळ्यात हिमनदी वितळते, ओढे वाहतात, तळ्यात जाडसर गाळ येऊन पडतो. हिवाळ्यात तळं गोठतं, वारा-लाटा बंद होतात, आणि पाण्यात तरंगत राहिलेली बारीक माती महिनोन् महिने खाली बसत राहते. फिका थर उन्हाळ्याचा, गडद थर हिवाळ्याचा. दोन मिळून एक वर्ष. अशा जोडीला व्हार्व्ह म्हणतात. काही तळी खोल आणि तळाशी प्राणवायू नसलेली असतात, तिथे किडेसुद्धा नसतात, त्यामुळे थर कोणी उकरत नाही आणि ते हजारो वर्षं जसेच्या तसे राहतात. स्वीडनच्या गेरार्ड दे गीर यांनी स्टॉकहोमच्या आसपासच्या मातीत असे थर मोजले, एका ठिकाणचे दुसऱ्या ठिकाणच्यांशी जुळवले, आणि 1910 साली तिथल्याच भूशास्त्र परिषदेत सुमारे 12,000 वर्षांचा हिशेब मांडला. रेडिओकार्बनचं, म्हणजे जुन्या अवशेषांचं वय सांगणाऱ्या किरणोत्सारी कार्बनचं, नावही कोणाला ठाऊक नव्हतं तेव्हा! मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो. नजर, फूटपट्टी आणि चिकाटी, एवढ्यावर केलं त्यांनी.

मी गोव्यात वास्कोच्या ध्रुवीय प्रयोगशाळेत काय करते ते तुम्ही कधी पाहिलं नाहीत, म्हणून सांगते. तळ्याच्या तळात प्लॅस्टिकची नळी सरळ खुपसून गाळाचा उभा नमुना काढतात. तो आमच्याकडे शीतगृहात राहतो. मग एके दिवशी नळी दोन्ही बाजूंनी कापायची, मधून बारीक तार ओढायची आणि दोन अर्ध उघडायचे. उघडताच सडक्या अंड्याचा वास येतो. पहिली काही मिनिटं रंग अगदी ताजे असतात, हिरवट, काळा, राखाडी; हवा लागली की ते विटू लागतात, म्हणून फोटो आधी, बाकी सगळं नंतर. त्या मिनिटांत मी कोणाशी बोलत नाही.

अंटार्क्टिकातलं आपलं मैत्री स्थानक ज्या शिर्माकर ओअ‍ॅसिसमध्ये आहे तिथे उघड्या खडकांच्या टेकड्यांत शंभराहून जास्त तळी आहेत. प्रियदर्शिनी तळ्याचं पाणी स्थानकाला पिण्यासाठी वापरतात. या तळ्यांच्या तळाशी शेवाळाचे थरावर थर चढलेले असतात, पण एक थर म्हणजे एक वर्ष असं तिथे धरता येत नाही. वय वेगळ्या रीतीने काढावं लागतं. वरच्या भागासाठी शिसं-210 हे किरणोत्सारी शिसं उपयोगी पडतं, ते साधारण 22 वर्षांत निम्मं होतं. खाली रेडिओकार्बन. त्यातही एक गोम आहे: हिमनदीच्या पाण्यातून जुना कार्बन येतो, वर बर्फाचं झाकण असल्यामुळे हवेतला नवा नीट मिसळत नाही, आणि आत्ता वाढणारं शेवाळसुद्धा शेकडो वर्षांचं असल्याचं आकडा सांगतो. म्हणून सगळ्यात वरच्या जिवंत थराचं वय काढून ती चूक खालच्या आकड्यांतून वजा करायची. मग कणांचा आकार, डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालांची कवचं, परागकण, एकेक पाहत जायचं, आणि तळं कधी उघडं होतं, कधी गोठलेलं, हे उलगडतं.

हे सगळं करायचं कारण तुमच्या वहीत आहे, बाबा. तुमची नोंद 1983 पासूनची. अंटार्क्टिकात बहुतेक ठिकाणी मोजमाप सुरू झालं तेच 1957-58 च्या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षापासून. त्याआधीचं तिथे फारसं कोणी लिहून ठेवलेलं नाही. आहे तो गाळ आणि बर्फ.

आता तुमचा मुद्दा. हवामान पूर्वीही बदललं, हे शंभर टक्के खरं, आणि ते या गाळानेच तर सांगितलं. रशियाच्या चुकोत्का भागात एल्गिगित्गिन नावाचं तळं आहे. 36 लाख वर्षांपूर्वी उल्का पडून झालेल्या खड्ड्यातलं. त्यावर कधी हिमनदी फिरली नाही, म्हणून गाळ सलग राहिला. 2009 मध्ये गोठलेल्या तळ्यावर यंत्र उभारून शास्त्रज्ञांनी तळाच्या गाळात 318 मीटर खोल छिद्र घेतलं. सगळ्यात जुन्या थरांत जंगली झाडांचे पराग निघाले, आज जिथे झाडच उगवत नाही तिथे. त्या वेळचा उन्हाळा आजच्यापेक्षा सुमारे 8 अंशांनी गरम होता. आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड? दशलक्षात सुमारे 400 भाग, म्हणजे जवळपास आपण आज आहोत तिथेच.

पण माझ्या मते खरं उत्तर दुसऱ्या अभ्यासात आहे. आर्क्टिकच्या तळ्यांतला गाळ, झाडांची वर्तुळं आणि बर्फाचे नमुने एकत्र करून 2009 मध्ये मागच्या 2,000 वर्षांचा आलेख काढला गेला. त्यात आर्क्टिक शतकानुशतकं हळूहळू थंड होत होता. कारणही ठाऊक होतं: पृथ्वीची कक्षा हळूहळू बदलते आणि उत्तरेच्या उन्हाळ्यात सूर्य थोडा थोडा दूर जात होता. ते कारण आजही चालूच आहे. नुसत्या निसर्गावर सोडलं असतं तर थंडी आणखी वाढायला हवी होती. विसाव्या शतकात आलेख उलटा फिरला आणि वर गेला. ‘पहिल्यापासून बदलत आलंय’ म्हणून सोडून देता येत नाही ते यासाठी. जुने बदल कशाने झाले हे आपल्याला कळतं, आणि त्या कारणांनी आत्ताचा बदल होत नाही.

या एका पुराचं खापर मी हवामानबदलावर फोडणार नाही. आजवा धरणाचं पाणी, नदीपात्रात झालेली बांधकामं, बुजलेल्या कांसी म्हणजे पावसाळी नाले, तुम्हाला हे माझ्याहून जास्त माहीत आहे. पण हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण 7 टक्के जास्त बाष्प मावतं. ते कुठेतरी एकदम कोसळणारच. 2019 ची रेष शेवटची समजून आपण सगळं सामान पुन्हा खालीच लावलं होतं. यंदाच्या रेषेच्या बाबतीत तसं करायची माझी तयारी नाही.

म्हणून विनंती आहे, हट्ट समजा हवं तर. या वेळी खाली पुन्हा संसार मांडू नका. वरच्या भाडेकरूंनी दिवाळीनंतर जागा सोडायची ठरवलीच आहे. स्वयंपाकघर, देवघर आणि झोपायची खोली वर नेऊ. मीटर आणि पाण्याची मोटर कमरेच्या वर बसवून घेऊ. आईच्या गुडघ्यांचं मला कळतं. मिस्त्रीला जिना दाखवला. दोन्ही बाजूंना कठडा आणि मध्ये टेकायला एक रुंद पायरी होईल म्हणतो. तरी जड गेलं तर याच भागात लिफ्ट असलेली जागा बघू, मंडळाचे लोक, भजन, आईच्या मैत्रिणी, काही सुटणार नाही.

शनिवारी चतुर्थी. तुम्ही शुक्रवारी पोचाल तेव्हा खाली ओल असेल, म्हणून गणपती वरच्या पुढच्या खोलीत बसवायचं ठरवलंय. भाडेकरूंना विचारलं, ते आनंदाने हो म्हणाले. मखराचं सामान भिजलं, मांडवीतून नवीन आणते. बाबा, पर्जन्यमापक गच्चीवर सरळ उभा आहे. रविवारपासूनचे आकडे मी वेगळ्या कागदावर लिहितेय, साडेआठच्या ठोक्याला.

जिन्याचं काय ते आल्यावर नको, फोनवरच सांगा. मिस्त्री उद्या संध्याकाळी विचारायला येणार आहे.

तुमची,
अनू