माझा के-पॉपचा ताळेबंद ३१ मार्चला होतो

मा. संपादक,
स. न.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत के-पॉपवर, म्हणजे कोरियन पॉप गाण्यांवर, लेख आला होता तो वाचला, म्हणजे वाचायच्या आधी फोटोपाशीच अडकलो. खाली लिहिलंय बीटीएस आणि फोटोत माणसं तेरा. अहो बीटीएसमध्ये सात जण आहेत, तेरा जणांचा ग्रुप तो सेव्हन्टीन, आणि तेरा जणांचं नाव सेव्हन्टीन कसं तर तेरा मेंबर, तीन युनिट आणि एक टीम अशी त्यांची बेरीज आहे, मी अकाउंट्सचा माणूस असून मला ती चालते. पण फोटोचं जाऊ दे, डेस्कवर घाई असते, समजू शकतो. मला बोलायचंय ते लेखाबद्दल.

राग वगैरे नाही, पण तेच तेच वाचून कंटाळा आलाय. कुठल्या व्हिडिओला किती कोटी व्ह्यूज, कुठल्या शोची तिकिटं किती मिनिटांत संपली, पोरी कशा रडतात, आणि शेवटी पालकांनो सावधान. २०२४च्या डिसेंबरात उमरगा तालुक्यातल्या शाळकरी मुलींनी कोरियाला जायच्या नादात स्वतःच्याच अपहरणाचा बनाव रचला होता, ती बातमी अशा प्रत्येक लेखात येतेच, तुमच्याही आली. येऊ दे, खरीच होती आणि काळजी वाटावी अशीच होती. पण ज्या बीटीएसला भेटायला त्या निघाल्या त्यातले पाच जण तेव्हा सक्तीच्या लष्करी सेवेत अडकलेले (सुगा त्याऐवजी नागरी सेवेत), बाहेर फक्त जिन आणि जे-होप, हे मी वाचलेल्या एकाही बातमीत नव्हतं. त्या मुलींच्या आसपासच्या मोठ्या माणसांनाही ते माहीत नसणार, कारण घरात हा विषय निघाला की एकतर चेष्टा नाहीतर ओरडा, तिसरं काही होतच नाही. आणि अख्ख्या लेखात गाण्याबद्दल एक ओळ नाही. एक ओळ! चाल कशी, ठेका कसला, कोण कसं गातं, काही नाही.

बरं, लेखात म्हटलंय की हे शाळा-कॉलेजच्या मुलींचं खूळ आहे. मी पंचेचाळिशी ओलांडलेला बाप्या आहे, साताऱ्यात एका पतसंस्थेत अकाउंट्स बघतो आणि के-पॉप ऐकतो. २०१२ला सायचं 'गंगनम स्टाइल' आलं तेव्हा वरातीत, मिरवणुकीत, जिथे जावं तिथे तेच वाजायचं, यूट्यूबवर शंभर कोटी व्ह्यूज गाठणारा पहिला व्हिडिओ तोच (बघा, मीही व्ह्यूज सांगायला लागलो). बाकीचे लोक घोड्याची स्टेप करून घरी गेले आणि मी यूट्यूबने बाजूला जे जे दाखवलं ते बघत बसलो. त्यात शायनी या ग्रुपचं 'शरलॉक' लागलं. आता हे काय प्रकरण आहे ऐका, त्याच अल्बममध्ये 'क्लू' आणि 'नोट' अशी दोन वेगवेगळी गाणी आहेत आणि ती दोन्ही एकमेकांत गुंफून तिसरं गाणं केलंय, ते 'शरलॉक'. म्हणजे आधी तिसरं ऐकायचं, मग पहिली दोन सुटी ऐकायची, मग परत तिसरं लावायचं आणि सांधा कुठे मारलाय ते हुडकायचं. मी बराच वेळ हुडकत बसलो, बायको झोपून गेली.

तिथून नाद लागला तो दरवर्षी आपला स्वतःचा एक मिक्स करायचा. त्या वर्षातली आवडलेली गाणी, एकाला एक जोडून, एका बैठकीत ऐकता येतील अशी. यात नवीन काही नाही. आमच्या वडिलांची एक वही होती, त्यात बिनाका गीतमालाच्या वार्षिक यादीतली गाणी नंबरवार लिहिलेली, रेडिओ सिलोनच्या खरखरीतून अमीन सायानींचा आवाज पकडून पकडून. मी कॉलेजात असताना कॅसेट भरून देणारं दुकान होतं, कागदावर यादी लिहून द्यायची, साठची का नव्वदची ते सांगायचं, चार दिवसांनी जायचं, आणि बी साइडचं शेवटचं गाणं हमखास मध्येच तुटलेलं. तिकडे अमेरिकेत डीजे अर्थवर्म म्हणून एक जण आहे तो २००७पासून वर्षाची हिट गाणी एकाच ट्रॅकमध्ये कालवतो, के-पॉपचे तसे मॅशअप करणारेही ढीगभर आहेत. माझं तेवढं भारी नाही. मी गाणी कालवत नाही, नुसती शेजारी शेजारी बसवतो.

आता खरी कटकट म्हणजे वर्ष कुठलं धरायचं. कोरियात डिसेंबर म्हणजे नुसती धांदल, अवॉर्डचे सोहळे, तिन्ही मोठ्या चॅनेलचे वर्षअखेरचे कार्यक्रम, एमबीसीचा तर ३१ डिसेंबरच्या रात्री. आणि नेमकी चांगली गाणी त्याच सुमारास निघतात. आययू या गायिकेचं 'गुड डे', ज्यात ती शेवटाकडे एकाच दमात सूर तीनदा वर चढवते, ते २०१०च्या डिसेंबरातलं. न्यूजीन्सचं 'डिटो' १९ डिसेंबर २०२२चं. गर्ल्स जनरेशनचं 'आय गॉट अ बॉय' तर १ जानेवारी २०१३ला, म्हणजे लोक अजून जागे व्हायचेत. अ‍ॅपवाले वर्षाची यादी म्हणून जे हातात ठेवतात ते डिसेंबर उजाडला की येतं, मग 'डिटो' ना धड या वर्षात ना त्या. मी हा प्रश्न माझ्या परीने सोडवलाय, माझं वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. हसू नका, पतसंस्थेतल्या माणसाचं वर्ष दुसरं कुठलं असणार. क्लोजिंगच्या दिवसांत रात्री उशिरापर्यंत आम्ही ऑफिसात, सस्पेन्स खात्यात कुठले तरी साडेतीनशे रुपये लोंबकळत असतात ते कोणाचे ते सापडत नाही, चहा थंड झालेला, आणि माझ्या एका कानात इअरफोन, कुठलं गाणं ठेवायचं आणि कुठलं काढायचं ते चाललेलं. पाडव्याच्या आसपास मिक्स तयार.

तरीही घोळ होतातच. ब्रेव्ह गर्ल्सचं 'रोलिन' घ्या. गाणं निघालं मार्च २०१७मध्ये, कोणी विचारलं नाही. चार वर्षांनी ग्रुप बंद करायच्या गोष्टी चालल्या होत्या, आणि फेब्रुवारी २०२१च्या शेवटी कोणीतरी त्यांच्या लष्करी तळांवरच्या कार्यक्रमांचे तुकडे जोडून एक व्हिडिओ टाकला, त्यात समोरचे सैनिक बेभान होऊन नाचताहेत, प्रत्येक स्टेप तोंडपाठ. झालं, दोनेक आठवड्यांत गाणं चार्टवर सगळ्यात वर, टीव्हीवर पहिलं बक्षीस, पोरी स्टेजवर ढसाढसा रडल्या. तर हे माझ्या कुठल्या वर्षात धरायचं? हा सरळसरळ मर्कंटाइल पद्धत की कॅश पद्धत असा प्रश्न आहे. गाणं निघालं त्या तारखेला जमा धरायचं, का कानावर पडलं त्या तारखेला. आयकरवाल्यांना धंद्याच्या हिशोबात दोन्ही चालतात, फक्त एक धरली की तीच पुढे चालवायची. मी कॅश धरली. 'रोलिन' २०२०-२१ला गेलं आणि ईएक्सआयडीच्या 'अप अँड डाउन'च्या वेळी वादच आला नाही, ते ऑगस्ट २०१४चं, एका प्रेक्षकाने काढलेल्या व्हिडिओमुळे गाजलं त्याच वर्षी दिवाळीच्या आसपास, दोन्ही तारखा एकाच आर्थिक वर्षात.

त्याच मार्चमध्ये, म्हणजे २०२१च्या, अजून एक झालं. एक तारखेला बघतो तर मी ज्या अ‍ॅपवर यादी ठेवायचो त्यातली निम्मी गाणी ग्रे. दाबलं तरी वाजेनात. कोरियातल्या एका मोठ्या वितरक कंपनीशी असलेला करार संपला होता आणि नवीन जमत नव्हता, म्हणून जगभरात एकदम शेकडो कलाकारांची गाणी गुल. दहा-बारा दिवसांत समेट होऊन ती परत आली हे खरं, पण ऐन क्लोजिंगला माझी यादी बोडकी झाली होती ती झालीच. तेव्हापासून मी गाणी विकत घेऊन फाइल हार्ड डिस्कवर ठेवतो आणि एक कॉपी पेन ड्राइव्हवर, पोरं म्हातारा म्हणतात तर म्हणू दे.

मिक्सची लांबी ऐंशी मिनिटं. कारण सीडीवर तेवढंच मावतं आणि माझ्या जुन्या गाडीत सीडी प्लेअर होता. गाडी गेली, ऐंशी मिनिटं राहिली. आणि त्यामुळे मला एक गोष्ट कळली जी तुमच्या लेखात यायला हवी होती, गाणी आखूड होत चाललीत. 'आय गॉट अ बॉय' साडेचार मिनिटांचं आहे, नॉर्वेच्या टीमने कोरियन लोकांबरोबर बसून केलेलं, त्यात तीन-चार गाण्यांचा ऐवज आहे, स्पीड मध्येच पडतो मध्येच चढतो आणि शेवटाकडे एक जण चक्क गाता गाता सांगते की चला आता परत १४०वर जाऊ, म्हणजे मिनिटाला १४० ठोके. आणि न्यूजीन्सचं 'सुपर शाय' २ मिनिटं ३४ सेकंद. ब्रिज म्हणून जो भाग असायचा, दुसऱ्या कडव्यानंतर गाणं जरा बाजूला वळायचं आणि मग शेवटच्या धृपदावर धाडकन यायचं, तो भाग आता कित्येक गाण्यांत नसतोच. पूर्वी ऐंशी मिनिटांत वीस-बावीस गाणी बसायची, आता सत्तावीस-अठ्ठावीस. पैसे प्ले मोजून मिळतात, तीस सेकंद वाजलं की प्ले धरला जातो, मग गाणं लांब करून कंपनीला काय मिळणार. मला स्वतःला आखूड गाणं वाईटच असं वाटत नाही, पण ते संपतं कसं ते बघा, दार आपटल्यासारखं. शेवटी फेड, म्हणजे आवाज विरत जाणं, नाही, लांबलेला सूर नाही, कट. जोडणाऱ्याची पंचाईत होते.

'डिटो'ला तर मी फार छळ सोसलाय. सुरुवातीला नुसता हुंकार, मग खाली बाल्टिमोर क्लब म्हणून जे अमेरिकेतलं नाचाचं संगीत आहे त्याचा तुटक धावता ठेका, आणि वर चाल मात्र अशी काही उदास की पाय हलवावा का गप्प बसावं कळत नाही. त्याच्या आधी दणदणीत गाणं ठेवलं की हुंकार ऐकूच येत नाही, हळू ठेवलं की दोन हळू गाणी लागोपाठ. ऑडॅसिटी या गाणी कापा-जोडायच्या सॉफ्टवेअरमध्ये (फुकट आहे, कोणालाही जमेल) आधीच्या गाण्याचं शेपूट ओढून, आवाज थोडा थोडा उतरवत, बरोबर शेवटच्या ठोक्यावर हुंकार सुरू होईल असं केलं तेव्हा कुठे बसलं. हे ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही, कळूही नये.

एक नियम अजून, एका ग्रुपचं एकच गाणं. यावरून पुतणीशी दरवर्षी भांडण, 'काका तुम्ही स्ट्रे किड्सना एकच कसं देता.' देतो. नाहीतर सगळी ऐंशी मिनिटं दोन कंपन्यांचीच होतील. २०२५च्या 'गोल्डन'वर तर रीतसर खटला चालला, ती म्हणे ते के-पॉप नाहीच, अमेरिकेतल्या सोनीच्या अ‍ॅनिमेशन सिनेमातलं गाणं, ग्रुप सगळा चित्रातला. मी म्हटलं गाणाऱ्या तिघी कोरियन वंशाच्या, त्यातली इजे तर वर्षानुवर्षं एसएम या कोरियातल्या के-पॉप कंपनीत ट्रेनी होती आणि गाणं लिहिण्यातही तिचा हात आहे, अजून काय पाहिजे. घेतलं.

याच पुतणीच्या फोनवर अ‍ॅपने वर्षाची यादी दाखवली त्यात पहिल्या नंबरला जे गाणं आलं ते तिला धड आवडतही नाही. रिलीजच्या आठवड्यात फॅन ग्रुपचं ठरलं होतं म्हणून रात्रभर आवाज बारीक करून लावून ठेवलेलं, आकडा वाढावा म्हणून. ती मोजणी तुम्ही बातमीत छापता. बिनाकाचा क्रमही रेकॉर्डच्या खपावर आणि श्रोता संघांच्या मतांवरच ठरायचा म्हणा, पण वडिलांच्या त्या वहीत काही नंबरांपुढे बारीक फुली आहे, हे इतकं वर यायला नको होतं असं त्यांना वाटलं तिथे. मला त्या वहीत फुल्याच वाचायला आवडतात.

तेव्हा संपादक साहेब, मागणी एवढीच. डिसेंबरात सवाई गंधर्वची बातमी देताना तुम्ही कोणी कुठला राग घेतला, बंदिश कुठली, तबल्यावर कोण होतं ते लिहिता, गायकाचे फॉलोअर्स किती ते लिहीत नाही. के-पॉपवर लिहिणाऱ्यालाही तेवढंच सांगा, एक गाणं घे, चार वेळा ऐक आणि काय ऐकू आलं ते लिही. वाटल्यास वाचकांकडून त्यांच्या वर्षाच्या याद्या मागवा, प्रत्येक गाण्यापुढे का घेतलं त्याची एक ओळ, आणि कोरियनच पाहिजे असंही नाही. पत्र लांबलंय, काटछाट करा, फक्त 'रोलिन'चा परिच्छेद कापू नका. माझी यादी हवी असेल तर एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मागा, त्याआधी ऑडिटर बसलेले असतात.

आपला,
एक वाचक, सातारा