सुधाकर, त्या एका वाक्याबद्दल

लातूर,
रविवार, रात्र

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

दिवाळीनंतर तुला माझे एकही पत्र गेले नाही, आणि फोनवर आपण पाऊसपाणी व पोरांचे मार्क यांच्या पलीकडे बोललो नाही. आज लिहायला बसलो ते एका विशिष्ट कारणाने, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगण्यासारखे नाही. माझी शुगर ठीक आहे, आईचे गुडघे होते तसेच आहेत.

मागच्या मंगळवारी रात्री शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी लागली. सौ. उदगीरला माहेरी गेली होती, आई आणि चिमी आतल्या खोलीत झोपल्या होत्या, आणि मला पुढच्या खोलीत नुकताच डोळा लागला होता. आधी जमिनीतून घरघर आली, मग मांडणीवरची ताटे एकमेकांवर वाजू लागली. त्यानंतरचे मला सलग आठवत नाही. आठवते ते एवढेच, की मी गल्लीत विजेच्या खांबापाशी अनवाणी उभा होतो, दाराच्या कडीने उजव्या हाताच्या मधल्या बोटाची साल निघाली होती, रक्त मनगटापर्यंत ओघळले होते आणि काहीही दुखत नव्हते. घराचे दार सताड उघडे होते, आणि आत माझी आई आणि माझी मुलगी होती.

आई भिंत धरत धरत उंबऱ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "बोअरची गाडी हाय रं ती. ये घरात." चिमीला जागसुद्धा आली नव्हती.

गल्लीत उभ्या उभ्या मला कोणते वाक्य आठवले असेल, ते तू ओळखले असशील. 1993 च्या भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात, रेशनच्या रांगेत, घोंगडीवरून झालेल्या भांडणात मी तुला जे सर्वांसमक्ष म्हणालो होतो ते. "तू आज्जीला सोडून पळालास." पुढची दोन वर्षे तू माझ्याशी बोलला नाहीस, आणि नंतर बोलू लागलास तेव्हा आपण दोघांनीही तो विषय काढला नाही.

मंगळवारपासून मी बारावीच्या पोरांना वर्षानुवर्षे शिकवत आलेला चेतासंस्थेचा धडा स्वतःसाठी पुन्हा वाचतो आहे, आणि त्याला लागून जे जे मिळाले तेही वाचतो आहे. मेंदूत दोन्ही बाजूंना, कानांच्या आतल्या अंगाला, बदामाएवढा एकेक भाग असतो. त्याला अमिग्डाला म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दाचा अर्थही बदाम असाच आहे. न्यूयॉर्कमध्ये मेंदूचे अभ्यासक जोसेफ लडू यांनी उंदरांना एक आवाज ऐकवला आणि त्यापाठोपाठ पायाला विजेचा सौम्य झटका दिला. थोड्याच वेळात उंदीर नुसत्या आवाजाने जागच्या जागी थिजू लागला. तो आवाज मेंदूत कोणत्या वाटेने जातो याचा माग काढताना त्यांना दोन वाटा सापडल्या. एक लांबची वाट मेंदूच्या वरच्या थरातून जाते, आणि तिथे आवाज कशाचा आहे याची नीट ओळख पटते. दुसरी पायवाट मेंदूच्या मधोमध असलेल्या थॅलॅमसवरून थेट अमिग्डालात उतरते. उंदरात या पायवाटेने बातमी पोचायला सुमारे 12 मिलिसेकंद लागतात आणि लांबच्या वाटेने जवळपास दुप्पट. पायवाटेने आलेल्या बातमीत तपशील नसतो. बोअरची गाडी की भूकंप, हे तिला कळत नाही, पण हृदय, श्वास आणि स्नायू यांना हुकूम सुटलेला असतो. बोट सोलले तरी दुखले नाही, तेही याच हुकुमातले होते. त्या क्षणी मेंदूच वेदना दाबून टाकतो.

मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी 1884 सालीच लिहून ठेवले होते की आपण भितो म्हणून पळत नाही, तर पळतो म्हणून आपल्याला भीती वाटते. पूर्वी मला हे शब्दांचे चातुर्य वाटायचे. आता माझ्या अनुभवाने सांगतो, खोलीतून दारापर्यंत मला भीती वाटलेलीच नाही. ती खांबापाशी पोचल्यावर वाटली. लडू स्वतःही अलीकडे हेच बजावतात की शरीराला पळवणारी यंत्रणा वेगळी आणि 'मला भीती वाटते आहे' ही जाणीव वेगळी.

तू म्हणशील, तीस वर्षे गेली, आता कसला भूकंप घेऊन बसलास. मीही असेच समजत होतो. 1992 साली ते लहान लहान धक्के बसत होते, तेव्हा पहिल्या पहिल्यांदा सगळा गाव बाहेर झोपला आणि मग कंटाळून माळवदाखाली परत गेला, हे तुला आठवत असेल. मनाची सवय अशीच होते. पण पावलॉव्हच्या कुत्र्यांपासून हे माहीत आहे की विरून गेलेला धडा पुसला जात नसतो. उंदराला तोच आवाज झटक्याशिवाय पुन्हा पुन्हा ऐकवला तर तो थिजणे सोडतो, परंतु जुनी भीती जागच्या जागीच असते. 'आता धोका नाही' असा नवा धडा कपाळामागच्या भागाच्या मदतीने तिच्यावर बसतो. हा नवा धडा जागेला फार बांधलेला असतो. उंदराला दुसऱ्या पिंजऱ्यात नेले की जुनी भीती पुन्हा उभी राहते. दिवसा रस्त्यावरून ट्रक गेला तर मला काही होत नाही. अंधार, अर्धवट झोप आणि जमिनीतून येणारी घरघर हे तिन्ही एकत्र मला इतक्या वर्षांत कधी भेटले नव्हते.

बंगळुरूला सुमंत्र चट्टर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले काम वाचून मात्र मी वही मिटून ठेवली. त्यांनी उंदरांना रोज दोन तास, असे दहा दिवस जखडून ठेवले. आठवणी जपणाऱ्या हिप्पोकॅम्पसमधल्या पेशींच्या फांद्या आखडल्या, आणि अमिग्डालातल्या पेशींच्या फांद्या उलट वाढल्या. एकवीस दिवसांच्या विश्रांतीनंतर आखडलेल्या फांद्या पूर्ववत झाल्या, वाढलेल्या मात्र वाढलेल्याच राहिल्या. दुसऱ्या प्रयोगात एकदाच दोन तास जखडले, तर दुसऱ्या दिवशी काहीच दिसले नाही, आणि दहा दिवसांनी अमिग्डालात नवे जोड वाढलेले दिसले. मला शेडातला पहिला आठवडा आठवला. सगळे उठून कामाला लागले होते, बप्पा मदतीत आलेला तो गुडघ्याखाली लोंबणारा विलायती कोट घालून ज्वारीच्या राखणीला जात होते आणि आपण पोरे त्यांना 'कलेक्टरसाहेब' म्हणून सलाम ठोकत होतो. रात्री ओरडत उठणे त्यानंतर सुरू झाले. आईने पुढे कित्येक वर्षे रात्री दाराला आतून कडी लावू दिली नाही. घरघर नसताना, पत्रा वाजत नसताना तिची वाट पाहत जागणे, ही भीतीहून निराळी गोष्ट आहे, आणि अमिग्डालाच्या शेजारचा दुसरा एक भाग असल्या लांबणाऱ्या, अंधुक धोक्याशी अधिक निगडित आहे, असे मायकेल डेव्हिस यांनी मांडले. आपल्या आयांचे निम्मे आयुष्य तिथेच गेले.

आता मुख्य मुद्दा. भूकंपाच्या रात्री पारावर मंडपाच्या सामानाची राखण करण्याची पाळी तुझी होती. झांज कुणी फोडली यावरून आपले भांडण झाले (ती तूच फोडलीस, हे मी आजही म्हणतो) आणि तू रागाने घरी गेलास, म्हणून पारावर मी झोपलो. 3 वाजून 56 मिनिटांनी मी उघड्यावर होतो. माझ्यावर पळण्याची वेळच आली नाही. तू ओसरीतून पळालास, कारण तेरा वर्षांच्या पोराच्या पायांना हुकूम पायवाटेने आला होता. पण तू परत गेलास, सुधाकर. दुपारपर्यंत दगडमाती उपसत होतास. तुझ्या उजव्या हाताची दोन नखे उपटून निघालेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि ती पाहिलेली असतानाही दीड महिन्याने ते वाक्य बोललो. ते काही पायवाटेने आले नव्हते. मी लांबच्या वाटेने, शब्द निवडून, तुला कुठे लागेल ते ओळखून बोललो होतो.

आणि परवा गल्लीत मी आईची हाक येईपर्यंत नुसता उभा होतो. दारापर्यंतची धाव मी स्वतःला माफ केली आहे. त्यानंतरचे एक-दोन मिनिट मला माफ करता येत नाही, आणि त्याला कोणत्याही पुस्तकात आधार सापडत नाही. तू परत वळलास तेव्हा तुझे पाय कशाने वळले, हे मला तुझ्याकडून ऐकायचे आहे. सांगायचे नसेल तर आग्रह नाही. त्या वाक्याची क्षमा मात्र मी आज मागतो आहे, बत्तीसेक वर्षे उशिरा.

तुझ्या बदलीचे काय झाले? वहिनींचे थायरॉईड आता बरे असेल. ओंकारला नांदेडला प्रवेश मिळाला हे दादांकडून कळले, फार आनंद झाला. त्याला माझा आशीर्वाद सांग.

कालपासून चिमी माझ्या शेजारी झोपते, मीच तसे ठरवले. बोअरला साडेचारशे फुटांवरही पाणी लागले नाही, त्यामुळे गाडी पुन्हा येणार आहे. त्या आठवड्यात दोन दिवस काढून येशील का? आई म्हणते, सुधा आला की पुढच्या खोलीत त्याची गादी दाराकडे डोके करून टाका, त्याला तशीच झोप लागते.

तुझा,
दत्ता