आपल्या माणसांसाठी वेगळे माप

मा. संपादक,

युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांचा विषय निघाला की आपल्याकडे कोणीतरी न्या. राधाबिनोद पाल यांचे नाव घेतो आणि ‘जेत्यांचा न्याय’ म्हणून सगळेच मोडीत काढतो. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात भारतीय न्यायाधीश असलेल्या पाल यांनी सर्व आरोपींना निर्दोष ठरवले हे खरे. पण जपानी सैन्याचे अत्याचार त्यांनी नाकारले नव्हते. हरलेल्यांवर खटले चालले यात माझ्या मते गैर काहीच नाही. जिंकलेल्यांनी आपल्या माणसांना कोणते माप लावले, हा खरा प्रश्न आहे.

१४ जुलै १९४३ रोजी सिसिलीत बिस्कारी विमानतळाजवळ अमेरिकी सैनिकांनी सत्तरहून अधिक इटालियन व जर्मन युद्धकैद्यांना गोळ्या घातल्या. ‘मेलेले लपून गोळीबार करत होते किंवा पळून जात होते, असे लिहून टाका,’ अशी तिथल्या अमेरिकी फौजेचे प्रमुख जनरल पॅटन यांची पहिली सूचना होती. (हा शेरा आपल्याकडच्या वाचकांना नवा नसावा.) त्यांच्या हाताखालचे जनरल ब्रॅडली बधले नाहीत, म्हणून कोर्ट मार्शल झाले. आरोपी सार्जंट वेस्ट आणि कॅप्टन कॉम्प्टन, दोघांनीही पॅटन यांच्या ‘शत्रूला दया दाखवू नका’ अशा अर्थाच्या भाषणाकडे बोट दाखवले. कॅप्टन निर्दोष सुटला, सार्जंटला जन्मठेप झाली. वर्षभराने तोही सुटून पुन्हा फौजेत. प्रकरणाचा बाहेर गवगवा होणार नाही, याची काळजी मात्र नीट घेतली गेली.

१७ डिसेंबर १९४४ रोजी बेल्जियममध्ये मालमेडीजवळ नाझींच्या एसएस दलाने ८४ अमेरिकी कैदी मारले. त्यासाठी १९४६ मध्ये डाखाऊच्या अमेरिकी लष्करी न्यायालयाने ७३ जणांना दोषी ठरवले, ४३ जणांना मृत्युदंड सुनावला; पुढे एकही अमलात आला नाही, ते वेगळे. मालमेडीनंतर दोनच आठवड्यांनी, १ जानेवारी १९४५ ला, बेल्जियममधल्याच शेनोन्य गावात अमेरिकी सैनिकांनी डझनावारी जर्मन कैदी मारले. खटला एकावरही नाही.

आपलेही कागद तपासावेत. युद्धकैदी, जखमी व नागरिकांना संरक्षण देणाऱ्या जिनिव्हा करारांसाठीचा आपला १९६० चा कायदा गंभीर उल्लंघन करणाऱ्याचे राष्ट्रीयत्व पाहत नाही, ही चांगली गोष्ट. पण त्याच कायद्यानुसार सरकारने किंवा सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याने तक्रार केल्याशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. आरोपी आपलाच जवान वा अधिकारी असेल तर ही तक्रार कोण करणार? निदान पीडितांच्या नातेवाइकांना तरी थेट न्यायालयात जाता येईल, अशी दुरुस्ती संसदेने करावी.

– एक वाचक, सातारा