मालबाबू काका, तुमचे आभार

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरी पाठवता आलं असतं, पण चार लोकांनी वाचावं म्हणून इथे लिहितोय.

बार्शी लाइट रेल्वेचं, म्हणजे आपल्या लातूर-कुर्डुवाडीच्या जुन्या छोट्या गाडीचं, १९३५ च्या सुमाराचं मॉडेल मी १:८७ प्रमाणात करतोय. मूळच्या ७६२ मिलिमीटर रुंदीचा मार्ग त्यात जेमतेम ९ मिलिमीटरचा होतो. इंजिन झालं, डबे झाले. वाघिणींत, म्हणजे मालडब्यांत, माल कोणता भरायचा, एवढंच मी विचारत होतो. दुकानदारानं कोळशाचे तयार ढीग पुढे सरकवले. या छंदात केस पिकलेल्या एका जाणत्यानं तर ‘कोण बघतंय एवढं!’ म्हणून विषयच मिटवला. ते फार लागलं. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ नये म्हणून ही रेल्वे उभारणाऱ्या कॅल्थ्रॉप साहेबानं जिथे वाघिणीन् वाघीण बेतली, त्या रेल्वेत काय वाटेल ते भरायचं?

तुम्ही मात्र, रेल्वेत माल नोंदवून घेणारे मालबाबू, पहिलाच प्रश्न केलात, ‘गाडी लातूरकडून येतेय की कुर्डुवाडीकडून?’ लातूरकडून असेल तर रुईच्या गाठी, वर ताडपत्री घट्ट आवळलेली, कारण इंजिनाच्या ठिणग्यांपुढे उघडी रुई कोण नेणार? शिवाय शेंगांची पोती. उलट जाताना मीठ, रॉकेलचे डबे, कापडाचे गठ्ठे. ‘आणि दोन वाघिणी रिकाम्या ठेव. सगळ्याच भरून परत गेल्या असं कधी होतं का रे?’ कुर्डुवाडीला छोट्या गाडीतून मोठ्या गाडीत माल बदलणाऱ्या हमालांवर तुमचे वडील मुकादम होते, ते त्या बोलण्यात ऐकू येत होतं.

पण काका, मी विसरणार नाही ती एक गाठ. चार फुटांची गाठ माझ्याकडे चौदा मिलिमीटरची. गोणपाटाच्या रंगाचा कागद, त्यावर पट्ट्यांसाठी बारीक तार. तुम्ही ती चष्म्याजवळ नेऊन फिरवून पाहिलीत आणि म्हणालात, ‘नंबर कुठंय? बिननंबरची गाठ बाबूनं घ्यायची नसते.’ १९२५ च्या कायद्यानं प्रत्येक गाठीवर ती दाबून बांधणाऱ्या प्रेसची खूण आणि नंबर लागायचा, हे तुम्हीच सांगितलंत. मग हात थरथरतो म्हणून डाव्या हातानं उजवं मनगट धरून, सुईच्या टोकानं तुम्ही तो नंबर स्वतः घातलात. चहा गार झाला तरी मान वर केली नाहीत.

ज्याला कुणी विचारत नाही त्या कामाला असा वेळ देणारी माणसं अजून आहेत. ना ओळख, ना पाळख, ना काही मिळवायचं. नवख्याचा प्रश्न खरा मानून त्याला खरं उत्तर द्यायचं, एवढा मोठेपणा भल्याभल्या जाणत्यांना जमत नाही. तुम्हाला तो सहज जमला.

बाकीच्या गाठींवर नंबर घालतोय, तुमच्या नंबरच्या पुढचे. आता शेंगांची पोती करायला घेतली आहेत. त्यांच्या तोंडाची शिवण कशी असायची, ते विचारायला रविवारी येतो. काकूंना नमस्कार सांगा.

आपला,
बार्शीचाच एक गाडीवेडा